टाइमलाइन आपोआप आयात करणारे साधन: क्लिपा अचूक जोडते, वेगबदलांबाबत गप्प राहते

व्हिडिओचे संकलन एका सॉफ्टवेअरमध्ये करायचे आणि कलर ग्रेडिंगसाठी, म्हणजे चित्राचे रंग सुधारण्यासाठी, तीच टाइमलाइन (क्लिपांची क्रमवार मांडणी) दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायची, ही कामाची पद्धत आता सर्वत्र रुळली आहे. या दोन टप्प्यांमधले किचकट काम, म्हणजे फ्रेम रेट (दर सेकंदाला किती फ्रेम) तपासणे, मूळ क्लिपा शोधणे आणि प्रत्येक कटाशी त्या जोडणे, आपोआप उरकणारे एक छोटे साधन मी गेले काही महिने वापरत आहे. ठरवून दिलेल्या फोल्डरमध्ये संकलनातील कटांची नोंद असलेली ईडीएल, एक्सएमएल किंवा एएएफ स्वरूपातील फाइल ठेवली की हे साधन ती वाचते, संकलनाच्या सॉफ्टवेअरमधील स्क्रिप्टिंगच्या सोयीतून नवी टाइमलाइन तयार करते आणि शेवटी एक अहवाल देते.

या साधनाचे खरे बळ क्लिपा जोडण्यात आहे. अनेक कॅमेरे नवे कार्ड घातल्यावर फाइलचे क्रमांक पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात, त्यामुळे दोन कॅमेऱ्यांनी चित्रित केलेल्या मुलाखतीत एकाच नावाच्या दोन फाइली सर्रास आढळतात. निव्वळ नावावर विसंबून आयात केली, तर बोलणाऱ्याच्या जागी ऐकणारा दिसू लागतो, आणि दोन्ही चित्रे एकाच खोलीतली असल्यामुळे ही चूक चटकन लक्षातही येत नाही. हे साधन फाइलचे नाव, रीलचे (मूळ कार्डाचे किंवा टेपचे) नाव आणि टाइमकोड (प्रत्येक फ्रेमवरची वेळेची खूण) या तिन्ही गोष्टी ताडून पाहते. तिन्ही जुळल्या नाहीत तर अंदाजाने क्लिप जोडण्याऐवजी ती जागा मोकळी ठेवते आणि तशी नोंद करते. ही सावधगिरी मला फार मोलाची वाटते, कारण रिकामी जागा डोळ्यांना लगेच खुपते, चुकीची क्लिप मात्र अंतिम प्रतीपर्यंत निमूटपणे पोहोचू शकते.

फ्रेम रेटच्या बाबतीतही साधन तितकेच काटेकोर आहे. व्यवहारात आपण २३.९७६ म्हणतो तो दर प्रत्यक्षात २४००० भागिले १००१ असा अपूर्णांक आहे. तो सरळ २४ धरला, तर तासाभराच्या कार्यक्रमात सुमारे ८६ फ्रेमचा, म्हणजे जवळपास साडेतीन सेकंदांचा फरक पडतो आणि ओठ व आवाज यांचा मेळ राहत नाही. दर जुळत नसल्यास हे साधन टाइमलाइन तयार करण्यापूर्वीच थांबून विचारते. टाइमलाइनवर क्लिपा आल्यानंतर काही सॉफ्टवेअरमध्ये हा दर बदलताच येत नाही, म्हणून विचारण्याची वेळही योग्यच आहे.

ईडीएलकडून मुळातच फार अपेक्षा ठेवता येत नाही. सीएमएक्स ३६०० ही तिची प्रचलित रचना टेपच्या काळातली असून तिच्यात चित्राचा एकच ट्रॅक आणि ९९९ नोंदींची मर्यादा आहे. त्यामुळे ईडीएल आणि एक्सएमएल या दोन्ही फाइली हाताशी असतील तेव्हा साधन एक्सएमएल निवडते, ते बरोबरच आहे. एएएफमधील ध्वनीचे ट्रॅक माझ्या कामापुरते व्यवस्थित आले.

माझी गंभीर तक्रार वेगबदलांविषयी आहे. एका चित्रणात धावणाऱ्या मुलीची गती हळूहळू मंदावत शेवटी ती जवळजवळ स्थिर होते, असा शॉट होता. आयात झाल्यावर त्या क्लिपची सुरुवात, शेवट आणि लांबी फ्रेमपर्यंत अचूक होती, परंतु मधला चढउतार सपाट होऊन सर्वत्र एकच सरासरी वेग लागला होता. संकलकाने ज्या क्षणासाठी तो शॉट घडवला होता तो क्षणच नाहीसा झाला, आणि अहवालात मात्र सर्व क्लिपा यशस्वीरीत्या जोडल्याचे लिहिले होते. न आलेल्या शीर्षकांची आणि बाहेरच्या इफेक्टांची यादी टाइमकोडसह देणारे साधन इथे गप्प राहते, हे मला अधिक खटकले. प्रत्येक स्वरूपातून वेगाचा आलेख जसाच्या तसा नेता येत नाही, हे समजण्यासारखे आहे. तो नेता आला नाही, हे न सांगणे मान्य करता येत नाही.

ही चूक सापडली ती जुन्या पद्धतीमुळे. संकलकाने दिलेली संपूर्ण व्हिडिओची संदर्भप्रत वरच्या ट्रॅकवर ठेवून ब्लेंड मोड (दोन थर एकत्र दाखवण्याची पद्धत) ‘डिफरन्स’ केला, की जुळणारी प्रत्येक फ्रेम काळी दिसते आणि फरक असेल तिथे आकृती उमटते. त्या शॉटवर मुलीची दुहेरी बाह्यरेषा स्पष्ट दिसली. साधनाने ही तपासणी स्वतःच करून द्यावी इतकी ती सोपी आहे, परंतु सध्या तशी सोय त्यात नाही.

तरीही मी हे साधन सोडलेले नाही. मुलाखती, व्याख्याने आणि बहुकॅमेरा चित्रण यांसाठी ते मी निःशंकपणे सुचवेन, कारण अशा कामात कट पुष्कळ आणि वेगबदल क्वचित असतात. नृत्य, क्रीडा किंवा जाहिरातींच्या कामात मात्र वेग बदललेल्या शॉटची टाइमकोडसह यादी मी संकलकाकडून आधीच मागून घेतो आणि ते शॉट आयातीनंतर हाताने पुन्हा बसवतो.