‘हाय अल्टिट्यूड किट’च्या नावाखाली ११,३२,५०० रुपये गेले

भारतीय रुपयांत ११,३२,५००. नेपाळी रुपयांत १८,१२,०००. त्यात दोन सर्व्हर प्रत्येकी ४,८५,००० ला, सर्व्हर उंचीवर चालावेत म्हणून दोन ‘हाय अल्टिट्यूड किट’ प्रत्येकी ६२,००० ला, आणि बसवणी व सर्टिफिकेटचे म्हणून ३८,५००. हिशेब आधीच मांडला, कारण नातेवाइकांत तो वेगवेगळ्या आकड्यांनी फिरतोय.

जुना माल नवा म्हणून कसा खपवतात हे तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. मी धंद्यातला माणूस आहे, कुणाच्याही बोलण्यावर भुलणारा नाही. पण हे सर्व्हर विकणाऱ्या माणसाने मला उंचीच्या नावावर गाठलं. लेह, काझा, तवांग, नेपाळ, भूतान, जिथे जिथे आपली माणसं डोंगरात धंदा करतात तिथे हाच माल जाणार, म्हणून लिहितोय.

आमचं घर खानापूर तालुक्यातलं, गलाईवाल्यांचं. वडील सोनं-चांदी गाळायला काठमांडूत आले, मी तिथेच कॉम्प्युटरच्या कामात पडलो. खुंबूतल्या, म्हणजे एव्हरेस्टच्या वाटेवरच्या, लॉजवाल्यांचं बुकिंग, हिशेब आणि वायफायची कूपनं मी चालवतो. सर्व्हर काठमांडूत ठेवून भागत नाही. वर ढग बसले की लिंक पडते, आणि दमून आलेल्या पाहुण्याचं कूपन तेव्हाही चालावं लागतं. म्हणून सर्व्हर नामचे बाजारातच हवा. नामचे ३,४४० मीटरवर आहे.

आता इथे नीट लक्ष द्या. बहुतेक कंपन्यांच्या सर्व्हरच्या माहितीपत्रात चालवण्याची कमाल उंची साधारण ३,०५० मीटर, म्हणजे दहा हजार फूट दिलेली असते. तिथवरसुद्धा सवलत नाही. ९०० मीटरच्या वर दर ३०० मीटरला खोलीचं चालणारं तापमान एकेका अंशाने कमी धरायचं असतं. ३५ अंशांचा सर्व्हर नामचेच्या उंचीवर, नुसता हिशेब केला तरी, साडेसव्वीस अंशांवर येतो. हवेचा दाब तिथे समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांश. पंखा तेवढाच फिरतो, पण कमी हवा ढकलतो आणि उष्णता आतच राहते. हार्ड डिस्कचं आणखी वाईट, कारण तिचं तबकडी वाचणारं हेड हवेच्याच पातळ थरावर तरंगतं. हवा विरळ झाली की ते तबकडीच्या आणखी जवळ येतं. आत हीलियम वायू भरलेली सीलबंद डिस्क उंचीवर हमखास चालते असं कुणी सांगितलं तर तिचं माहितीपत्रक काढायला लावा. तिथेही बहुतेक वेळा हाच ३,०४८ मीटरचा आकडा असतो. डोंगरावर एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी डिस्कच घ्या. तिच्यात फिरणारं काही नाही. तिचाही आकडा वाचा, मगच घ्या.

हे सगळं मी त्याला विचारलं होतं. फोनवरही आणि लेखीही. कुणी म्हणेल चौकशी केली नाही, तर ते खोटं आहे.

तो विटा भागातला, दिल्लीहून माल पाठवणारा, काठमांडूत पुतलीसडकवर त्याचा हस्तक. आमच्या वडिलांना आधीपासून ओळखत असल्यासारखा बोलायचा. “पाव्हणं, आपल्या माणसाला फसवून मी गावाकडं तोंड कुठं दाखवू?” हे त्याचं वाक्य. कोटेशनमध्ये ‘हाय अल्टिट्यूड किट’ अशी वेगळी ओळ होती आणि सोबत ५,००० मीटरचं सर्टिफिकेट. आगाऊ ६,७९,५०० माझ्या भावाच्या विट्यातल्या खात्यातून गेले, माल निघण्याआधी उरलेले ४,५३,००० गेले. माल पोहोचण्याआधी पूर्ण पैसे कधीही देऊ नका. तो म्हणाला सीमेवर माल अडकतो, दिल्लीचा गोदामवाला सोडत नाही. सणाच्या तोंडावर लॉजवाले माझ्या मागे लागलेले, सीझन पंधरवड्यावर आलेला. त्या वेळी दुसरं कुणीही असतं तरी हेच केलं असतं.

आता ती जागा, जी आठवली की अजून रात्री झोप उडते. काठमांडूत खोकी मी स्वतः उघडली. पॉवर सप्लाय बाहेर ओढला. त्याच्या लेबलावर डोंगराची छोटी आकृती, खाली २००० मीटर, शेजारी चिनी अक्षरं. एका हातात तो पॉवर सप्लाय, टेबलावर ५,००० मीटरचं सर्टिफिकेट. दोन्ही एकाच खोक्यातून निघालेले. मी हस्तकाला विचारलं. तो म्हणाला, ते चीनच्या बाजारासाठीचं स्टिकर आहे, किट बसवलं की त्याला काही अर्थ उरत नाही. आणि मी पॉवर सप्लाय पुन्हा आत सरकवला. फोटोसुद्धा काढला नाही!

त्या आकृतीचा अर्थ पुढे कळला. चीनमध्ये नियम आहे की ५,००० मीटरसाठी तपासणी न झालेल्या उपकरणावर ‘फक्त २,००० मीटरखाली वापरा’ अशी खूण छापायची. उंचीवर विरळ हवा विजेला कमी अडवते, आतल्या विजेच्या दोन पट्ट्यांमधलं ठरलेलं अंतर अपुरं पडतं आणि ठिणगी उडू शकते. ५,००० मीटरचं सर्टिफिकेट असतं ते फक्त या शॉक आणि आगीच्या धोक्यापुरतं. सर्व्हर थंड राहील का, डिस्क टिकेल का, याबद्दल त्यात एक अक्षर नसतं. म्हणजे ते सर्टिफिकेट खरं असतं तरी माझ्या कामाचं नव्हतं, आणि ते माझ्या मालाचं तर नव्हतंच. सर्टिफिकेटवरचा मॉडेल नंबर आणि पॉवर सप्लायवरचा मॉडेल नंबर जुळवा. दोन मिनिटांचं काम आहे. उंचीबद्दल कंपनीकडून थेट ईमेल घ्या, विक्रेत्याच्या लेटरहेडवरचं काहीही धरू नका.

लुक्लापर्यंत विमान, तिथून हमालाच्या पाठीवर. या वाहतुकीचे ७४,००० नेपाळी रुपये वर गेले, ते वरच्या हिशेबात धरलेले नाहीत. ऐन सीझनला, खोली बंद, शेजारी लॉजचं स्वयंपाकघर, तापमान चढलं आणि आधी एक डिस्क गेली, ती बदलण्याआधी दुसरी. डिस्कची जोडणी रेड पाच होती, त्यात एकच डिस्क गेली तर निभावतं, दुसऱ्या डिस्कबरोबर सगळंच गेलं. पाहुणे खोल्यांपुढे उभे आणि बुकिंग दिसत नाही. ज्या लॉजवालीने माझ्यावर भरवसा ठेवून आगाऊ वर्गणी भरली होती, तिला मी तोंड दाखवू शकलो नाही.

मग सगळं उघडलं. सर्व्हरच्या पुढच्या पट्टीवरचा सर्व्हिस टॅग, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, आणि मॅनेजमेंट स्क्रीनवरचा टॅग वेगळे. आतला टॅग कंपनीच्या साइटवर घातला तर माल २०१८ मध्ये भलत्याच देशात गेलेला, वॉरंटी २०२१ मध्ये संपलेली. पट्टीवरचं स्टिकर त्यांनी छापून चिकटवलेलं. वॉरंटीचं मी सुरुवातीला विचारलं होतं, तेव्हा ‘नाव ट्रान्सफर व्हायला महिना लागतो’ असं उत्तर मिळालं होतं. असं कुठलंही उत्तर मिळालं की माल परत करा.

डिस्क स्वतःची जी नोंद ठेवते तो स्मार्ट रिपोर्ट म्हणत होता, ही चालली ११ तास. फार्म लॉग म्हणाला ३१,८७० तास. साडेतीन वर्षांहून जास्त चाललेली डिस्क! स्मार्टचे आकडे पुसता येतात. सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची वेगळी नोंद असते, आणि २०२५ च्या सुरुवातीला युरोपात नवीन म्हणून विकलेल्या जुन्या डिस्क याच नोंदीवरून पकडल्या गेल्या. त्यातही कंपनीचा हात नव्हता, मधले विक्रेते होते. स्मार्टमॉनटूल्स या प्रोग्रामची ७.४ किंवा पुढची आवृत्ती टाकून ही नोंद बघा. पैसे देण्याआधी.

आणि किट? पंख्यांचे पार्ट नंबर साध्या पंख्यांचेच. वर निळं स्टिकर. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये पंख्याचा वेग कायम पूर्ण ठेवलेला, जे कुणीही फुकट करू शकतो. त्याचे १,२४,०००.

आता तक्रारीचं सांगतो. काठमांडूत तक्रार द्यायला गेलो तर पहिला प्रश्न, तुम्ही भारतीय, पैसे भारतात दिले, इथे का आलात? दुसरीकडे गेलो तर भन्सारचं, म्हणजे नेपाळी कस्टमचं, प्रज्ञापनपत्र मागितलं. दाखवलं. त्यावर हस्तकाने माल ‘वापरलेले सुटे भाग’ म्हणून कमी किमतीला दाखवलेला! साहेब म्हणाले, मग महसूल बुडवण्यात तुम्हीही आलात. फसवला गेलेला मी, कागद केला हस्तकाने, आणि धमकी मला. तक्रार घेतलीच नाही.

इकडे भावाने पोलिस ठाणं गाठलं. “माल नेपाळात, तिकडंच करा.” ‘हद्द आमची नाही’ असं सांगण्याचा त्यांना अधिकारच नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये गुन्हा कुठेही घडला असला तरी खबर नोंदवायची, असं लिहिलेलं आहे. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. भावाने हे छापून नेलं, तर हवालदार म्हणाला, कायदा आम्हाला शिकवू नका. मग ‘हा व्यापारी व्यवहार आहे, दिवाणी दावा लावा’. वकिलाने ग्राहक आयोगाचं विचारल्यावर सांगितलं, २०१९ च्या कायद्यात धंद्यासाठी घेतलेला माल बसत नाही, स्वतःच्या रोजीरोटीसाठी घेतला असं सिद्ध केलं तरच. म्हणजे पोलिस म्हणतात दिवाणी, ग्राहक कायदा म्हणतो व्यापारी, नेपाळ म्हणतो भारत, भारत म्हणतो नेपाळ. एवढ्या सगळ्या कचेऱ्या पगार कशासाठी घेतात? ठाण्यात बसलेल्या एकालाही सर्व्हर म्हणजे काय हे समजून घ्यायची गरज वाटली नाही. चोराला नेमकं हेच माहीत असतं, म्हणून तो सीमेच्या पलीकडे विकतो आणि अलीकडे पैसे घेतो.

शेवटी जिल्हा पोलिस अधीक्षकांकडे टपालाने लेखी अर्ज दिलाय. पोचपावती आहे, बाकी काही नाही. पैसे नेट बँकिंगने गेले असतील आणि शंका लगेच आली तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर त्याच दिवशी कळवा, उशीर झाला की खात्यात काही उरत नाही. आम्हाला कळलं तेव्हा महिने उलटले होते.

माल मात्र फेकू नका, कितीही संताप आला तरी. लेबलांचे, दोन्ही टॅगचे, पार्ट नंबरांचे फोटो काढा, फार्म लॉग फाईलमध्ये जतन करा, खोकीसुद्धा ठेवा. माझे दोन्ही सर्व्हर काठमांडूत कुलपात आहेत. त्या माणसाचं नवं कोटेशन मागच्या महिन्यात लेहच्या एका हॉटेलवाल्याकडे गेल्याचं कळलं. लेह ३,५०० मीटरवर आहे. त्यातही किटची तीच ओळ आहे, दर आता ७०,००० केलाय.