पॅरिसहून एका दिवसात बाग पाहायची तर: जिव्हर्नी की व्हर्साय?

पॅरिसच्या मुक्कामातला एक दिवस बागेसाठी राखून ठेवला, की पुढचा प्रश्न हमखास येतो: चित्रकार क्लोद मोनेची जिव्हर्नीची बाग पाहायची की फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईच्या महालाची, व्हर्सायची? दोन्ही ठिकाणं सकाळी निघून संध्याकाळी परत येण्यासारखी आहेत. पण दोन्हींना आपण बाग म्हणतो, यापलीकडे त्यांच्यात साम्य थोडंच आहे. जिव्हर्नीत माणूस फुलापाशी थांबतो, व्हर्सायमध्ये चालत राहतो.

मी दोन्हींकडे एकापेक्षा जास्त वेळा गेले आहे, आणि चुकीच्या दिवशीही गेले आहे. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. जिव्हर्नीला जायचं तर आधी महिना बघा, व्हर्सायला जायचं तर वार बघा. गाडी, तिकीट, जेवण हे सगळं त्यानंतर.

जिव्हर्नीचा महिना

जिव्हर्नी हे पॅरिसच्या वायव्येला, साधारण 75 किलोमीटरवर, नॉर्मंडीतलं छोटं गाव. मोने 1883 मध्ये तिथे भाड्याने राहायला आला, 1890 मध्ये ते घर त्याने विकत घेतलं आणि 1926 मध्ये तिथेच त्याचा शेवट झाला. बाग 1 एप्रिल ते 1 नोव्हेंबर एवढीच उघडी असते. तुमचा प्रवास हिवाळ्यात असेल तर निर्णय झालाच: व्हर्साय.

बाकीच्या महिन्यांत कधी जाता त्यावर काय दिसणार हे ठरतं, आणि फरक थोडाथोडका नाही. एप्रिलमध्ये ट्यूलिपचे ताटवे असतात, पण तळ्यात फुलं नसतात. मेच्या पहिल्या पंधरवड्यात तळ्यावरच्या जपानी पुलावरचा विस्टेरिया नावाचा वेल फुलतो, जांभळ्या-पांढऱ्या झुबक्यांनी पुलाचा वरचा भाग झाकून जातो, आणि महिनाअखेरीपर्यंत आयरिस रांगेने उभे असतात. जून गुलाबांचा. तळ्यातल्या कुमुदिनी, ज्यांच्यासाठी बहुतेक लोक इतक्या लांब येतात, त्यांचा खरा बहर जुलै-ऑगस्टमध्ये. सप्टेंबरमध्ये घरासमोरच्या मोठ्या वाटेवर नस्टर्शियमच्या वेली दोन्ही बाजूंनी पसरत मधोमध येतात आणि डेलिया भरात असतात. विस्टेरिया आणि भरगच्च कुमुदिनी एकाच फेरीत मिळत नाहीत. मला विचाराल तर मेचा मध्य सगळ्यात सुंदर. पण मोनेची कुमुदिनींची चित्रं पाहूनच ही ओढ लागली असेल तर मे नको, जुलै धरा.

बागेचे दोन भाग आहेत. घरासमोरच्या भागात सरळ वाफे आणि त्यांत दाटीवाटीने फुलं. रस्त्यापलीकडे तळ्याची बाग. ही दुसरी जमीन मोनेने 1893 मध्ये घेतली. तळं भरायला एप्त नदीच्या फाट्यातून पाणी वळवायचं होतं, आणि गावकऱ्यांनी विरोध केला: ही परदेशी झाडं पाणी खराब करतील, गुरं त्यावर कशी जगायची? परवानगी मिळायला वेळ लागला, पण मिळाली. दोन्ही बागांच्या मधून तेव्हा आगगाडी जात असे. आता तिथे मोटारींचा रस्ता आहे आणि पलीकडे जायला जमिनीखालून वाट.

त्या वाटेने सकाळी सगळ्यात आधी तळ्यावर जा. दरवाजे साडेनऊला उघडतात, आणि लोक समोरच्या ताटव्यांत फोटो काढत रेंगाळतात. तळ्यावर पहिला अर्धा तास शांतता मिळते. माळी उघडायच्या आधीच लहान होडीतून फिरून पाण्यावरचा कचरा आणि सडकी पानं काढून ठेवतात, त्यामुळे पाणी स्वच्छ असतं. वारा पडलेला असेल तर वीपिंग विलोच्या फांद्या पाण्याला टेकतात तिथे वरची फांदी कुठे संपली आणि खालची सावली कुठे सुरू झाली ते कळत नाही. कुमुदिनी मात्र तेव्हा अर्धवट मिटलेल्या असतात. ऊन वर आलं की उमलतात आणि दुपार कलली की पुन्हा मिटतात. म्हणून आधी तळं, मग घर आणि ताटवे, आणि निघण्यापूर्वी अकरा-साडेअकराला पुन्हा एकदा तळं. दुपारी चारनंतर पोहोचून कुमुदिनी पाहू म्हणाल तर निराशा होईल.

काही गोष्टी आधी माहीत असाव्यात. घरात मोनेची मूळ चित्रं नाहीत, त्याच्या स्टुडिओत टांगलेल्या नकला आहेत. घर तरीही चुकवू नका: पिवळंधमक जेवणघर, निळ्या फरशांचं स्वयंपाकघर आणि त्याने जमवलेली दोनशेहून जास्त जपानी छापचित्रं. घरासमोरची मधली रुंद वाट दोरी लावून बंद असते, बाजूच्या वाटांनी फिरावं लागतं, आणि त्या अरुंद आहेत. उन्हाळ्यात अकरानंतर तिथे माणसामागे माणूस चालतो. आत बसून डबा खाता येत नाही.

व्हर्सायचा वार

व्हर्साय पॅरिसच्या नैर्ऋत्येला, जेमतेम 20 किलोमीटरवर. लुईचा बागरचनाकार आंद्रे ल नोत्रने 1661 मध्ये बागेचं काम सुरू केलं. दलदलीच्या जागेत माती हलवली, उतार बनवले, झाडं लावली आणि मधोमध 1,670 मीटर लांबीचा कालवा खोदला. आजची सगळी जागा मिळून सुमारे 800 हेक्टर आहे. इथे फुलांसाठी जाऊ नये. इथे जायचं ते आखणीसाठी आणि पाण्यासाठी.

आणि पाणी रोज नसतं! पहिल्यांदा मी बुधवारी गेले होते. तिकीट काढलं, कुंजांमध्ये संगीत लावलेलं होतं, पण हौद निश्चल. सोनेरी घोडे पाण्यातून वर येता येता थांबल्यासारखे दिसत होते. बाग वाईट नव्हती, पण मी ज्यासाठी गेले ते नव्हतंच. कारंजी प्रामुख्याने शनिवारी-रविवारी, एप्रिलपासून शरदापर्यंत सोडतात, हंगामात काही मंगळवारीही. तीसुद्धा दिवसभर नाही, सकाळी आणि दुपारी ठरलेल्या वेळेत. त्यामुळे तारीख ठरवण्याआधी अधिकृत वेळापत्रक बघायलाच हवं.

दुसऱ्या वेळी रविवारी गेले, तेव्हा समजलं की लोकांना याचं वेड का लागतं. एका कुंजात एन्सेलाडस नावाचा राक्षस दगडांखाली अर्धा गाडलेला आहे, सोनेरी, फक्त डोकं, हात आणि छाती वर. पाणी सोडायच्या क्षणी आधी नळांतून गुरगुर ऐकू आली, मग खडकांमधून बारीक फवारे, आणि मग त्याच्या उघड्या तोंडातून पाण्याचा खांब झाडांच्या वर. शेजारची लहान मुलगी दोन पावलं मागे सरली. हे सगळं आजही उंचावरच्या टाक्यांमधून उताराने येणाऱ्या पाण्याच्या दाबावर चालतं. लुईच्या काळात पाणी इतकं अपुरं होतं की सगळी कारंजी एकदम चालू ठेवणं परवडत नसे. राजा फिरायला निघाला की कारंजेवाले शिट्ट्या मारून पुढच्या माणसाला इशारा देत, आणि राजा जिथे पोहोचेल तिथलं पाणी सोडलं जाई. बाग कोणत्या क्रमाने दाखवावी याची टिपणं राजाने स्वतः लिहून ठेवली आहेत. त्यातली पहिली सूचना मला आजही योग्य वाटते: महालातून बाहेर पडल्यावर पायऱ्यांच्या माथ्यावर थांबा आणि आधी नुसतं पाहा.

तिथून कालवा जवळ वाटतो. तो जवळ नाही. त्याच्या तोंडापर्यंतच जवळजवळ एक किलोमीटर आहे, आणि ल नोत्रने उतार अशा हिशेबाने आखलेत की चालायला लागल्यावर अंतर लांबत जातं. वाटा खडीच्या, समोरच्या मोकळ्या भागात सावली नाही. पायांत चांगले बूट आणि डोक्याला टोपी हवीच. थकलात तर लहान रेल्वेसारखी गाडी आहे, कालव्याजवळ सायकली आणि होड्याही भाड्याने मिळतात.

बाकीच्या वारांचं थोडक्यात सांगते. सोमवारी महाल बंद असतो, बाग उघडी. ज्यांना महालाच्या गर्दीत शिरायचंच नाही त्यांच्यासाठी सोमवार चांगला. मंगळवारी पॅरिसचं लूव्र संग्रहालय बंद असतं, म्हणून पॅरिसमधली सगळी गर्दी व्हर्सायकडे वळते. महाल आणि कारंजी दोन्ही शनिवारी-रविवारी करायची तर महालाचं वेळेचं तिकीट सकाळी पहिलं घ्या. हिवाळ्यात बागेला तिकीट नसतं, पण पुतळे आच्छादनं घालून झाकलेले असतात.

जायचं कसं

इथे व्हर्साय सरळसरळ जिंकतं. आर-ई-आर सी या उपनगरी गाडीने मध्य पॅरिसमधून पाऊण तासाच्या आत व्हर्साय शातो रिव्ह गोश स्टेशन, तिथून दहा मिनिटं चालत. गाडीवरचं शेवटचं स्टेशन वाचून चढा, कारण याच मार्गाच्या काही गाड्या व्हर्सायच्याच दुसऱ्या, लांबच्या स्टेशनला जातात. उन्हाळ्यात या मार्गावर कामं निघतात, तेव्हा पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनहून व्हर्सायच्या रिव्ह द्र्वात स्टेशनला जाणारी गाडी घ्या. चालणं थोडं जास्त, पण वाटेत व्हर्सायमधलाच नोत्र-दाम नावाचा बाजार लागतो. मंगळवार, शुक्रवार आणि रविवारी सकाळी तो उघड्यावर भरतो. तिथून पाव, चीज, फळं घ्यायची आणि कालव्याकाठच्या मोकळ्या भागात बसून खायची. मला महालाच्या आवारातल्या जेवणापेक्षा हे कितीतरी बरं वाटतं.

जिव्हर्नीला सँ-लाझार स्टेशनवरूनच व्हर्नोंची गाडी, पाऊण ते एक तास. (याच स्टेशनचा धूर मोनेने 1877 मध्ये रंगवला होता. छताखाली उभं राहिल्यावर ते काचेचं त्रिकोणी छप्पर ओळखू येतं.) व्हर्नोंहून बाग पाचेक किलोमीटर. गाडीच्या वेळेला जोडून बस सुटते, तिचं तिकीट वेगळं. सायकलही मिळते, आणि वाट जुन्या रेल्वेमार्गावरून सपाट आहे. हे शहराच्या प्रवासी पासात बसत नाही, गाडीचं तिकीट वेगळं काढावं लागतं, म्हणून खर्च व्हर्सायच्या नुसत्या बागेपेक्षा जास्त येतो. परतीची बस चुकली तर गाडीही चुकते, एवढं लक्षात ठेवून घड्याळाकडे नजर असू द्या.

दोन्ही बागा एका दिवसात दाखवणाऱ्या सहली मिळतात. घेऊ नका. जिव्हर्नीत सकाळची शांतता आणि व्हर्सायमध्ये कारंज्यांची वेळ, या दोन्हींपैकी एक तरी हातची जाते, आणि दिवसाचा मोठा भाग बसमध्ये जातो.

मग कोणती?

वयस्कर आई-वडील सोबत असतील तर जिव्हर्नी. जागा लहान, दोन-तीन तासांत निवांत पाहून होते, आणि बसायला बाकं आहेत. धावणारी मुलं असतील तर व्हर्साय, निःसंशय. जिव्हर्नीत त्यांना प्रत्येक पावलाला "हात लावू नको" ऐकावं लागेल. स्वतः घरी झाडं लावणाऱ्या माणसाने मेमध्ये जिव्हर्नीच निवडावी. उंच फुलांच्या पायाशी ठेंगणी फुलं कशी लावली आहेत, निळ्याशेजारी गुलाबी कुठे ठेवलंय, हे तास-तासभर पाहण्यासारखं आहे. 1977 नंतर ही उजाड झालेली बाग ज्यांनी पुन्हा उभी केली, ते जेराल्ड वान देर केम्प व्हर्सायचे प्रमुख होते, ही मला फार आवडणारी गोष्ट. इतक्या मोठ्या राजबागेचा कारभार पाहणाऱ्याने या एक हेक्टरच्या ताटव्यांत आणि तळ्यात जीव ओतला.

माझ्यापुरतं सांगायचं तर मे ते सप्टेंबरमध्ये कामाचा वार मोकळा असेल तर जिव्हर्नी, आणि फक्त रविवारच हातात असेल तर व्हर्साय.

जिव्हर्नी निवडलीत आणि तो मंगळवार नसेल, तर दुपारी दोन-अडीचची गाडी पकडून परत या आणि थेट ओरांजरी संग्रहालयात जा. ते सहाला बंद होतं, मंगळवारी पूर्ण बंद. तिथल्या दोन लंबगोल दालनांत मोनेच्या कुमुदिनींची आठ प्रचंड चित्रं भिंतीभर वळत गेली आहेत. सकाळी पाहिलेलं पाणी डोळ्यांत ताजं असताना ती पाहण्यासारखं दुसरं काही नाही.

आणि ठरलेल्या दिवशी धो धो पाऊस लागला, तर लांब जाऊच नका. ओरांजरी ज्या त्युइलरी बागेत आहे तिची आखणी ल नोत्रचीच आहे. त्याचे वडील आणि आजोबा तिथेच माळी होते. बागेला तिकीट नाही. पाऊस उघडला की मधल्या सरळ वाटेने एक फेरी, पुन्हा आला की आत कुमुदिनींसमोरच्या बाकावर. ओरांजरीचं वेळेचं तिकीट तेवढं आदल्या रात्री काढून ठेवा.