बॅटमॅन की डेअरडेव्हिल?

मुखवट्याआडचा अस्वस्थ नायक घेऊन नागपुरात एकांकिका बसवायची झाल्यास १९३९ मध्ये अवतरलेला बॅटमॅन आणि १९६४ मधला डेअरडेव्हिल, ही अमेरिकी कॉमिक्समधली दोन पात्रे आधाराला घेण्याजोगी आहेत. बॅटमॅनचे दुखणे तसे सरळ आहे: आईवडिलांचा खून डोळ्यांदेखत पाहिलेल्या ब्रूस वेनला आपला गर्भश्रीमंत चेहरा खरा की काळा मुखवटा, हा प्रश्न सोडत नाही. (त्याची यंत्रसामग्री रंगमंचावर परवडणारी नाही, हे वेगळेच.)

डेअरडेव्हिलचा पेच अधिक खोल आहे. लहानपणी एका वृद्धाला वाचवताना किरणोत्सारी द्रव्यामुळे दृष्टी गमावलेला मॅट मर्डॉक दिवसा वकिली करतो आणि रात्री न्यूयॉर्कच्या हेल्स किचन या वस्तीत तोच कायदा हातात घेतो. शिवाय कॅथलिक संस्कारांमुळे प्रत्येक ठोशाचा हिशेब त्याला स्वतःशी मांडावा लागतो. समोरचा खोटे बोलतो आहे, हे त्याला हृदयाच्या ठोक्यांवरून कळते, परंतु तो पुरावा न्यायाधीशांपुढे ठेवता येत नाही. एवढ्या एका प्रसंगावर एकांकिका उभी राहू शकते, आणि सिव्हिल लाइन्समधील उच्च न्यायालयाच्या खंडपीठाभोवती काळे कोट रोज पाहणाऱ्या नागपूरकराला तो वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. माझा कौल डेअरडेव्हिललाच आहे. मात्र त्याचे अंधत्व सहानुभूती मिळवण्यासाठी वापरू नये.