चित्रांची जोडणी: वेगळं हार्डवेअर घ्यावं की नेटवर्कवर भागवावं?

मोठा त्रिमितीय सीन १६ नोड्सना, म्हणजे नेटवर्कने जोडलेल्या क्लस्टरमधल्या १६ कॉम्प्युटर्सना, वाटून दिला, की प्रत्येक नोड आपल्या वाट्याच्या भूमितीचं पूर्ण पडद्याएवढं चित्र काढतो. मग ही १६ चित्रं एकेक पिक्सेल ताडून एक करायची. या पद्धतीला सॉर्ट-लास्ट म्हणतात, आणि घोडं बहुतेक वेळा या जोडणीतच अडतं.

खरेदीआधी हिशेब मांडा. १९२० × १०८० चं चित्र, दर पिक्सेलला ४ बाइट रंग, ४ बाइट डेप्थ (तो पिक्सेल बघणाऱ्यापासून किती लांब आहे ते; ताडताना जवळचा ठेवायचा). एका फ्रेमचे साधारण १६.६ एमबी झाले. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर जवळपास ५०० एमबी, आणि फोर-केला त्याच्या चौपट.

२००० च्या सुमारास हा ओघ ग्राफिक्स कार्डातून बाहेर काढणंच कठीण होतं. ग्राफिक्स कार्ड ज्यात बसायचं तो एजीपी स्लॉट कार्डाकडे डेटा झपाट्याने न्यायचा, पण परत आणताना रांगायचा. म्हणून २००१ मध्ये स्टॅनफर्ड आणि इंटेलच्या मंडळींनी लाइटनिंग-२ हे चित्रं जोडणारं हार्डवेअर मांडलं. त्यात पिक्सेल थेट मॉनिटरला जाणाऱ्या डीव्हीआयच्या केबलमधून उचलायचे. डेप्थ त्या वाटेने जात नाही, म्हणून ती रंगाच्या जागी कॉपी करून पाठवायची. मला ही कल्पना आजही फार सुंदर वाटते. कॉम्पॅकच्या सेपियाने दुसरी वाट धरली: प्रत्येक नोडमध्ये एफपीजीएचं (हवं तसं सर्किट रचता येणाऱ्या चिपचं) कार्ड, आलेल्या प्रवाहात आपले पिक्सेल मिसळून पुढच्याकडे द्यायचे. नोड वाढले तरी वेग टिकतो, फक्त विलंब थोडा वाढतो.

एजीपीच्या जागी पीसीआय एक्स्प्रेस आल्यावर परतीचा रस्ता मोकळा झाला. आता जीपीयूडायरेक्ट आरडीएमए या तंत्राने कार्डाच्या मेमरीतून डेटा थेट नेटवर्क कार्डात जातो. त्यावर १९९४ ची बायनरी स्वॅप ही पद्धत चालवा: नोड्सनी जोडीजोडीने अर्ध्या चित्राची अदलाबदल करायची, मग पाव, मग त्याच्या निम्मं. १६ नोड्सना ४ फेऱ्या पुरतात. सँडिया प्रयोगशाळेचं आइस-टी हे जोडणीचं सॉफ्टवेअर तर रिकामे पिक्सेल पाठवतच नाही. डीव्हीआयची केबल मात्र काळी पार्श्वभूमीसुद्धा इमानेइतबारे वाहते.

पारदर्शक धूर किंवा सीटी स्कॅनचा आकारमान-डेटा दाखवणार असाल, तर इथे विशेष लक्ष द्या. डेप्थ ताडताना कुठलं चित्र आधी आलं याने फरक पडत नाही. पारदर्शक थरांत मात्र मागचं-पुढचं पाळावंच लागतं. बघणारा वळला की क्रम उलटतो. सॉफ्टवेअरमध्ये नोड्सचा क्रम नव्याने लावला की झालं. तारांनी क्रम बांधलेल्या साखळीत ते सोपं नाही.

त्यामुळे नवं क्लस्टर उभारणाऱ्याला मी आइस-टी आणि चांगलं नेटवर्क घ्यायलाच सांगेन. १० गिगाबिटवर फुल एचडी निभतं. फोर-केला ३० फ्रेम हव्या असतील तर १०० गिगाबिटकडे जा. वेगळं हार्डवेअर विचारात घ्यावं ते व्हीआर हेडसेटसाठी. तिथे ९० फ्रेमच्या हिशेबाने एका फ्रेमला जेमतेम ११ मिलिसेकंद मिळतात, आणि त्यातही आधी चित्र काढायचं असतं.