आप्पांचा काटा दुरुस्त करून आणला (पाचपैकी चार तारे)

पाचवा तारा का कापला ते आधीच सांगून टाकते. चार दिवसांत देतो म्हणाले आणि अकराव्या दिवशी दिला. मधे दोन हेलपाटे झाले, फोन उचलत नाहीत. दुकान सांगलीत गणपती पेठेच्या मागच्या बोळात आहे, दुचाकीसुद्धा लावायला जागा नाही. देवळाजवळ गाडी लावून चालत गेलेलं बरं.

आता काम. शोकेसमध्ये सगळे इलेक्ट्रॉनिक काटे दिसतील, त्यावरून परत फिरू नका. आत एक म्हातारे मिस्त्री बसतात, ते दांडीचे काटे अजून हातानं दुरुस्त करतात. मी आधी दोन ठिकाणी विचारलं होतं. दोन्हीकडं एकच उत्तर: "ताई, भंगारात घाला आणि नवा घ्या." भावाचंही तेच मत. पण आमच्याकडं लक्ष्मीपूजनाला वहीशेजारी काटा मांडतात. आप्पा, म्हणजे माझे वडील, गेल्यावरच्या पहिल्याच दिवाळीला तिथं भावाचा प्लास्टिकचा, लाल आकडे दाखवणारा काटा ठेवायचा, हे आईला पटेना.

आप्पांचं मारुती चौकाजवळ किराणा दुकान. पितळी पारडी, साखळ्या, लोखंडी दांडी, आणि षटकोनी बिडाची वजनं. त्यांच्या वडिलांकडून आलेलं शेराचं एक वजनही होतं, 1958 नंतर किलो आले तेव्हापासून ते फक्त रद्दी उडू नये म्हणून गल्ल्याशेजारी असायचं. आप्पांची एक सवय गिऱ्हाइकांना विचित्र वाटायची. मालाच्या पारड्यात कागद घातला की तेवढाच कागद फाडून वजनाच्या पारड्यातही टाकायचे. "कागदाचे पैसे डाळीच्या भावानं कशाला घ्यायचे?" (आज मिठाईच्या दुकानात खोक्यासकट पेढे तोलतात तेव्हा मला हटकून हा कागद आठवतो. बोलत मात्र नाही, भांडण नको.)

काटा थांबेपर्यंत कुणी पारड्याला हात लावायचा नाही. नववीत असताना मी लावला. संध्याकाळची गर्दी होती, एका आज्जींची किलोभर तूरडाळ तोलली, काटा झुलत असतानाच पारडं उचलून पुडा बांधला. आप्पांनी ते पाहिलं होतं. गर्दी ओसरल्यावर त्यांनी मूठभर डाळ पुडीत बांधून माझ्या हातात दिली आणि त्या आज्जींच्या घरी पाठवलं. आज्जी म्हणाल्या, "एवढ्यासाठी आलीस व्हय, पोरी?" मला रडूच आलं. परत आले तर आप्पांनी चकार शब्द काढला नाही, पुढच्या गिऱ्हाइकाची यादी हातात दिली. बोलले असते तर बरं झालं असतं, असं तेव्हा वाटलं. अजूनही कधीकधी वाटतं. त्यांचा हा मुका राग घरातही चालायचा आणि आईनं तो पुष्कळ सोसलाय.

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45. दुकानात माळ्यापर्यंत पाणी होतं. पाणी उतरल्यावर गाळातून काटा निघाला, पण दांडी गंजलेली, वजनांचे पापुद्रे सुटलेले. त्यानंतर भावानं इलेक्ट्रॉनिक आणला आणि हा पोत्यात गेला, अशी माझी समजूत होती.

मिस्त्रींनी पोतं उघडलं, एकेक वजन उलटं करून बघितलं आणि अर्ध्या किलोचं हातात धरून म्हणाले, "ताई, हे काय वो?"

वजनाच्या तळाला एम-सील लावून पाच रुपयांचं नाणं चिकटवलेलं होतं.

बिडाच्या वजनाला खाली खळगा असतो, त्यात शिसं ओतून वजन बरोबर करतात आणि त्या शिशावरच वैधमापनवाले (वजनं-काटे तपासणारं सरकारी खातं) शिक्का मारतात. आमच्या वजनाचं शिसं निखळून गेलं होतं. मिस्त्रींनी नाणं खरवडून काढलं, त्यांच्या बारीक काट्यावर ठेवलं. बरोबर सहा ग्रॅम. नाण्याशिवाय वजन तेवढ्यालाच हलकं भरत होतं. म्हणजे पुरानंतर, नवा काटा यायच्या आधी, आप्पा ह्याच वजनानं तोलत होते. वजन कमी पडतंय हे त्यांच्या लक्षात आलं, आणि गल्ल्यातलं नाणं त्याला लावून त्यांनी दुकान चालू ठेवलं. घरात कुणालाच सांगितलं नाही.

मिस्त्री हसले. "खालून शिसं पोखरलेली वजनं आयुष्यभर बघितली. वरनं भर घातलेलं आजच बघतोय." मग लगेच गंभीर होऊन हेही सांगितलं, की हे कायद्यात बसत नाही. शिक्का नसलेलं वजन धंद्यात वापरलं तर दंड होतो, मग ते सोन्याचं का असेना. दांडीच्या काट्याला आणि वजनांना दर दोन वर्षांनी पडताळणी लागते, इलेक्ट्रॉनिकला दरवर्षी. आप्पांना हे पक्कं ठाऊक होतं. शिक्क्याची तारीख ते कॅलेंडरवर लाल पेननं लिहीत. तरी त्यांनी हे केलं. त्या दिवसांत निम्मं गाव गाळात होतं, लोकांना मीठ-पीठ लागत होतं, हे मी त्यांच्या बाजूनं सांगू शकते. ते स्वतः काय म्हणाले असते, कोण जाणे.

काम चोख झालंय. गंज काढला, दांडीची मधली झिजलेली धार नीट केली, साखळ्यांच्या दोन कड्या बदलल्या. मोकळी पारडी सोडली की काटा मधोमध येऊन थांबतो, हलक्या बाजूला पासंग म्हणून चिंधीसुद्धा बांधावी लागत नाही. साडेसहाशे रुपये घेतले. घासाघीस केली नाही, करावी असं वाटलंही नाही. स्कॅनर आहे, पावती मात्र मागून घ्या.

अर्ध्या किलोच्या वजनात शिसं ओतून देऊ का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काका, नाणंच परत चिकटवा. त्यांनी चिकटवलं, त्याचे पैसे घेतले नाहीत. पण वजनं ज्या डब्यात घालून दिली त्याच्या झाकणावर खडूनं ठळक लिहिलं: "पूजेचे. धंद्याला चालणार नाही."