शोक आणि काळा विनोद : एकपात्रीसाठी तीन संहितांतून एक निवडताना

मृत्यूविषयी बोलत असतानाच प्रेक्षकांना हसवणारा छोटा एकपात्री प्रयोग करू इच्छिणाऱ्या नटासमोर ब्रिटिश रंगभूमीवरच्या तीन संहिता हमखास येतात : सायमन स्टीफन्स यांची ‘सी वॉल’ (२००८), डंकन मॅकमिलन यांनी जॉनी डोनाहो यांच्यासह लिहिलेली ‘एव्हरी ब्रिलियंट थिंग’ (२०१३) आणि फीबी वॉलर-ब्रिज यांची ‘फ्लीबॅग’ (२०१३). निवड करताना बहुतेक जण आधी लांबी आणि खर्च पाहतात. माझ्या मते हशा ओसरल्यावर प्रेक्षक कोणत्या अवस्थेत उरतो, हे आधी पाहावे, कारण या तिघींतला खरा फरक तिथेच आहे.

‘सी वॉल’ जेमतेम अर्ध्या तासाची आहे. लंडनच्या बुश थिएटरमध्ये पाणी गळून दिव्यांची यंत्रणा निकामी झाली, तेव्हा दिव्यांवाचून होतील अशी नाटके लिहून घेण्यात आली. त्यांतलीच ही एक, आणि ती प्रथम अँड्र्यू स्कॉट यांनी केली. ॲलेक्स हा छायाचित्रकार आपली बायको, लहान मुलगी आणि दक्षिण फ्रान्समध्ये राहणारे सासरे यांच्याविषयी गप्पा मारल्यासारखे बोलत राहतो. सासऱ्यांशी देवाच्या अस्तित्वावरून होणारे त्याचे वाद खुसखुशीत आहेत. मुलीच्या मृत्यूपाशी आल्यावर मात्र विनोद थांबतो, म्हणून काटेकोरपणे पाहिले तर हा काळा विनोद नव्हेच. अर्ध्याच तासाचे पाठांतर म्हणून नवोदित नट ही संहिता उचलतात. पण नेपथ्य, संगीत, प्रकाश यांपैकी कशाचाही आधार नसताना आणि पुढे काय घडणार हे ठाऊक असताना सुरुवातीचा मोकळेपणा टिकवणे, हे तिघींतले सर्वांत अवघड काम आहे.

‘एव्हरी ब्रिलियंट थिंग’मधला निवेदक सात वर्षांचा असताना त्याची आई आत्महत्येचा प्रयत्न करते, आणि तिच्यासाठी तो जगण्याजोग्या गोष्टींची यादी करू लागतो. यादीत पहिला क्रमांक आइस्क्रीमचा आहे. प्रेक्षक आत येत असतानाच नट त्यांच्याशी बोलत चिठ्ठ्या वाटतो. पुढे क्रमांक पुकारला की ज्याच्या हाती ती चिठ्ठी असेल त्याने ती मोठ्याने वाचायची. इतर भूमिकाही प्रेक्षकांतूनच येतात. म्हाताऱ्या कुत्र्याला कायमचे झोपवण्याचा प्रसंग पाहण्यासारखा आहे : कोणाचा तरी कोट म्हणजे कुत्रा, कोणाचे तरी पेन म्हणजे इंजेक्शन, आणि पशुवैद्य म्हणून समोर बसलेलाच कोणीतरी अवघडलेला गृहस्थ. त्याच्या धांदलीला सभागृह हसते, आणि पेन कोटाला टेकताच तोच हशा घशात अडकतो. मुलाची मृत्यूशी झालेली ही पहिली ओळख असते. सभागृहातले दिवे चालू असल्यामुळे शेजाऱ्याचा चेहराही दिसत राहतो, आणि दुःख एकट्याच्या वाट्याला येत नाही.

या संहितेला वक्तृत्वापेक्षा यजमानपण अधिक लागते. लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मधल्या ५२ पात्रांवर पोसलेल्या आपल्या प्रेक्षकाला एकपात्री म्हणजे आवाज बदलण्याची करामत वाटते. इथे मात्र नटाने ती करामत बाजूला ठेवून अनोळखी माणसाला सांभाळून घ्यायचे असते, आणि कोणाला उठवावे याइतकेच कोणाला उठवू नये हे ओळखायचे असते. आत्महत्येविषयी जाहीरपणे कसे बोलावे, याचे भान संहितेतच आहे; तरीही विषयाची पूर्वसूचना तिकीट घेतानाच मिळायला हवी. मुंबईच्या क्यूटीपी या संस्थेसाठी क्वासर ठाकोर पदमसी यांच्या दिग्दर्शनाखाली विवेक मदान यांनी हे नाटक इंग्रजीत केले आहे; भारतीय प्रेक्षक त्यात कसा सामील होतो, हे त्यावरून पाहता येते.

‘फ्लीबॅग’ प्रेक्षकाला सांभाळत नाही, सामील करून घेते. एका स्टँडअप कार्यक्रमासाठी लिहिलेल्या दहा मिनिटांच्या तुकड्यातून वाढलेले हे नाटक तासाभराचे झाले, आणि २०१३च्या एडिंबरा फ्रिंज या नाट्यमहोत्सवात विकी जोन्स यांच्या दिग्दर्शनाखाली सादर झाले. रंगमंचावर एक खुर्ची आणि ध्वनिमुद्रित आवाज एवढाच सरंजाम असतो. मैत्रीण गेली आहे, दोघींनी मिळून काढलेला कॅफे बुडायला आला आहे, आणि नायिका स्वतःच्या लैंगिक उचापती सांगून हशे वसूल करते आहे. मैत्रिणीच्या मृत्यूमागच्या विश्वासघातात तिचाच हात होता, हे कळते तेव्हा आपण इतका वेळ कशाला हसत होतो, हा प्रश्न प्रेक्षकाकडे वळतो. याच नाटकावरून निघालेल्या २०१६च्या दूरचित्रवाणी मालिकेमुळे हे रहस्य अनेकांना माहीत आहे, आणि वॉलर-ब्रिज यांच्या लकबींची नक्कल करण्याचा मोह नटीला आवरावा लागेल. मालिका पाहिलेल्यांनाही नाटक अधिक निर्दय वाटेल.

पहिलाच एकपात्री करणाऱ्याला मी ‘एव्हरी ब्रिलियंट थिंग’ सुचवेन. निवेदक स्त्री असो वा पुरुष, संहिता दोघांनाही सामावून घेते, आणि भाषांतरात यादी आपल्याकडच्या गोष्टींनी भरण्यालाही वाव दिसतो. मात्र लेखकाची परवानगी त्याआधी घ्यावी लागेल. शे-दीडशे प्रेक्षक वर्तुळाकार बसतील अशी जागा नसेल, तर हा बेत रद्दच करावा, कारण मोठ्या नाट्यगृहात मागच्या रांगेतली चिठ्ठी ऐकूच येणार नाही. अनुभवी नटीला आणि प्रेक्षकाचा राग ओढवून घेण्याची तयारी असलेल्या संचाला ‘फ्लीबॅग’ घेता येईल. परंतु महाराष्ट्रात प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते, तेव्हा तिच्यातली भाषा किती टिकेल याचा विचार तालमी सुरू होण्याआधीच झालेला बरा.