एका दिवसाची मुंबई दर्शन बस की डेक्कन क्वीन? दोन्ही करून बघितलं, आमचा अनुभव

आईचं वय ६८, सगळा जन्म पुण्यात गेला आणि मुंबईला गेली ती फक्त लग्नाकार्याला, म्हणजे हॉल ते दादर स्टेशन एवढीच मुंबई बघितलेली. म्हणून मागच्या मे महिन्यात पुण्यातून निघणारी एका दिवसाची मुंबई दर्शन बस बुक केली. ऑपरेटरचं नाव घेत नाही. पहाटे साडेपाचला स्वारगेट, रात्री बाराला परत, पत्रकात चौदा ठिकाणं.

खरं सांगायचं तर त्या चौदातली निम्मी ठिकाणं खिडकीतून दाखवली, "डावीकडे हाजी अली, उजवीकडे रेसकोर्स", तोवर बस पुढे. गेटवेला वीस मिनिटं दिली, त्यातली दहा तपासणीच्या रांगेत गेली. सीएसएमटी बसमधूनच. म्हातारीचा बूट मात्र पाऊण तास, कारण ड्रायव्हरचं जेवण तिथे. आणि घारापुरी (एलिफंटा बेटावरची लेणी) पत्रकात ठळक छापलेली असताना "आज वेळ नाही" म्हणून सरळ काढून टाकली, पैसे परत नाहीत. आई काही बोलली नाही पण परतीच्या वाटेवर म्हणाली, समुद्राला पाय लावायचा राहिला रे. मला फार लागलं ते. एकच गोष्ट चांगली होती, जाताना अटल सेतूवरून नेलं, २१.८ किलोमीटरचा पूल आणि दोन्ही बाजूला खाडीचं पाणी, ते आईला आवडलं. बसला ५ पैकी २ आणि तेही त्या पुलाचे.

मग जानेवारीत परत गेलो. या वेळी मी, आई आणि माझा मुलगा, गुरुवारी सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन, दादरच्या मावशीकडे एक मुक्काम आणि शुक्रवारी परत. ही गाडी १ जून १९३० पासून धावतेय, तिचं कौतुक पुणेकरांना मी काय सांगणार, पण तरी सांगतो, डायनिंग कारमध्ये बसून कटलेट खात घाट उतरायचा, तिथूनच ट्रिप सुरू झाल्यासारखी वाटते. आणि मुख्य म्हणजे ती तुम्हाला थेट सीएसएमटीत नेऊन सोडते, म्हणजे बसवाले जी इमारत खिडकीतून दाखवतात तिच्या पोटातच आपण उतरतो. लगेच बाहेर पळू नका. समोरच्या बाजूला जाऊन पाच मिनिटं नुसतं वर बघा, दगडात कोरलेले मोर, माकडं, सिंह आणि वाघ सगळं आहे तिथे. १८७८ ला काम काढलं ते दहा वर्षं चाललं, २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

तिथून टॅक्सीने गेटवे. १९११ मध्ये पंचम जॉर्ज आला त्याची आठवण म्हणून बांधलं पण पूर्ण व्हायला १९२४ उजाडलं, आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची ब्रिटिश तुकडी याच कमानीखालून बोटीत बसून गेली. मुलाला हे सांगितल्यावर तो कमानीखाली उभा राहून समुद्राकडे बघत बसला.

आता घारापुरी. मला विचाराल तर मुंबईत एकच ठिकाण बघायचं असेल तर हे बघा (तालुका उरण, जिल्हा रायगड, पण बोट गेटवेवरूनच). लाँचला साधारण तास लागतो. लाईफ जॅकेट मागून घ्या आणि घाला, लाजू नका. थंडीत सीगल पक्षी बोटीबरोबर उडत येतात, बंदरात नांगरलेली मोठमोठी जहाजं दिसतात, आईने तासभर कठड्याचा हात सोडला नाही आणि नजरही हलवली नाही. धक्क्यावरून छोटी गाडी आहे पायथ्यापर्यंत, मग सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. गुडघे दुखणाऱ्यांसाठी डोलीवाले असतात, आईने डोली नको म्हणून चार ठिकाणी बसत बसत चढल्या.

आणि मग आत ती त्रिमूर्ती. जवळजवळ २० फूट उंच, पूर्ण अंधारही नाही आणि उजेडही नाही अशा जागी. फोटोत शंभर वेळा पाहिली असेल, पण समोर उभं राहिल्यावर आपोआप बोलणं थांबतं. मधला चेहरा मिटल्या डोळ्यांचा, शांत. एका बाजूला उग्र भैरव, दुसऱ्या बाजूला कोमल स्त्रीरूप. शेजारी अर्धनारीश्वर, गंगाधर, शिवपार्वतीचं लग्न. बऱ्याच मूर्तींचे हातपाय तुटलेत, बघून जीव हळहळतो. आई बराच वेळ हात जोडून उभी होती. इथल्या गावात समुद्राखालून केबल टाकून वीज आली ती २०१८ ला, मुंबईच्या इतक्या जवळ असून! सोमवारी लेणी बंद असतात हे पक्कं लक्षात ठेवा, पावसाळ्यात बोटीही विचारून जा.

संध्याकाळी गिरगाव चौपाटी. आईने पाय लावला समुद्राला, साडी गुडघ्यापर्यंत भिजली तरी हलायला तयार नाही.

दुसऱ्या दिवशी काळा घोड्याला डेव्हिड ससून लायब्ररी बाहेरून बघितली, १८७० ची. आपल्या ससून हॉस्पिटलला देणगी देणारे ते हेच, आणि त्यांची समाधी पुण्याच्या कॅम्पातल्या लाल देवळाच्या (ज्यू लोकांच्या प्रार्थनास्थळाच्या) आवारात आहे. आईला हे माहीत नव्हतं, म्हणाली म्हणजे हा आपलाच माणूस की.

मग भायखळा, राणीची बाग (ही बुधवारी बंद). मुलाला पेंग्विन बघायचे होते ते झाले, पण मला जायचं होतं बाजूच्या भाऊ दाजी लाड म्युझियमच्या आवारात. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा नाव दिलं तो हत्ती आता तिथे उभा आहे. इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले, उचलताना तुटला, मग सांधून इथे ठेवला. तुकडे जोडलेल्या रेघा अजून दिसतात. मुलगा त्याच्याभोवती दोन चकरा मारून आला आणि आईला विचारलं, आजी, याला परत बेटावर का नाही नेत गं? आई म्हणाली, नेतील रे कधीतरी. पाच दहाच्या डेक्कन क्वीनमध्ये कल्याणपर्यंत दोघांचं तेच चाललं होतं, बोटीतून न्यायचा की पुलावरून.